परगांवचा श्रोता आणि मद्रासची मार्गळी

गाण्याच्या ओढीनें परक्या शहरीं जाणाऱ्या मनुष्यास पडणारा पहिला प्रश्न मुक्कामाचा नसतो; ‘येथें ऐकावें काय, कोठें आणि कोणाचें?’ हा असतो. काशीस किंवा नाशिकास गेलेल्या यात्रेकरूला स्टेशनावरच क्षेत्रोपाध्याय गांठतो, आणि कोणतें तीर्थ आधीं, कोणतें मागून, हें ठरवून टाकतो. गाण्याच्या यात्रेकरूस असा उपाध्याय नसल्यामुळें तो भेटेल त्याला विचारीत सुटतो. मिळणारें उत्तर दिसावयास अगदीं साधें असतें : दोनचार नांवें, एखाद्या सभागृहाचा पत्ता, आणि जवळच्या उपाहारगृहाची स्तुति. परंतु नीट पाहिलें असतां तें उत्तर म्हणजे संपूर्ण टीकालेखच होय. ‘अमुक ऐका’ म्हणणारा मनुष्य ‘तमुक न ऐकलें तरी चालेल’ हेंहि त्याच श्वासांत सांगत असतो. वर्तमानपत्रांतील टीका गाणें झाल्यावर येते; शिफारस गाणें होण्यापूर्वीं येते, आणि म्हणून कलेच्या बऱ्यावाईटावर तिचा परिणाम अधिक होतो. ज्या गवयाचें नांव कोणी सांगत नाहीं, त्याच्यावर प्रतिकूल टीका होण्याइतकेंहि त्याचें भाग्य नसतें.

या प्रश्नाचा विचार करावयास चेन्नईसारखें दुसरें क्षेत्र भारतांत क्वचितच सांपडेल. १९९६ साली या शहराचें नांव अधिकृतपणें बदललें. गाण्याच्या बाबतींत मात्र ‘मद्रास’ हें जुनें नांव आमच्याकडे अजून कानाला गोड लागतें. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तामिळ पंचांगाचा मार्गळी महिना असतो. पहाटे आंडाळच्या ‘तिरुप्पावै’च्या तीस पद्यांपैकीं रोज एक म्हणावयाचें, देवळाभोंवतीच्या रस्त्यांनीं भजन करीत फिरावयाचें, हा या महिन्याचा जुना आचार. मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळाभोंवतीं अशा भजनाचें पुढारीपण पापनाशम् शिवन् यांनीं अनेक वर्षें केलें. याच महिन्यांत शहरांतील लहानमोठ्या ‘सभा’ आपापले उत्सव भरवितात. ‘सभा’ म्हणजे तेथें गायनसंस्था, आणि ‘कचेरी’ म्हणजे मैफल. मामलेदार-कचेरीची आठवण असलेल्या मराठी कानाला ‘आज चार कचेऱ्या झाल्या’ हें वाक्य प्रथम भीतिदायक वाटतें. पण दोन दिवसांत तें सवयीचें होतें. तिरुवल्लिक्केणी येथील पार्थसारथी स्वामी सभा १९०० साली निघाली. १९२७ च्या काँग्रेस-अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेंतून १९२८ साली म्यूझिक अकादमीचा जन्म झाला. पुढें सभांची संख्या वाढत गेली, आणि २०१७ साली युनेस्कोनें या शहरास संगीताच्या सर्जनशील नगरांत स्थान दिलें. सकाळच्या सप्रयोग व्याख्यानांपासून रात्रीच्या मुख्य कचेरीपर्यंत एकाच दिवशीं शहरभर इतकें गाणें चाललेलें असतें, कीं कोणाही एका मनुष्यास त्याचा लहानसा अंशच ऐकतां यावा. अशा ठिकाणीं शिफारशीवांचून गत्यंतर नाहीं. म्हणूनच ती कोणाची घ्यावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आमच्याकडून दक्षिणेंत गेलेल्या दोन थोर श्रोत्यांचें उदाहरण येथें उद्बोधक आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासास निघाले. त्यांच्याजवळ प्रश्नांची शिदोरी होती, आणि ते प्रश्न शास्त्राचे होते : श्रुति किती, मेळ किती, ग्रंथ कोणते, आणि ग्रंथांतील राग आज कोण गातो. एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितरांशीं त्यांची भेट झाली. त्याच वर्षीं दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. वेंकटमखीच्या ७२ मेळांच्या व्यवस्थेचा जो अभ्यास पंडितजींनीं केला, त्याची छाया त्यांच्या १० थाटांच्या रचनेवर स्पष्ट दिसते. दुसरे श्रोते खांसाहेब अब्दुल करीमखां. मिरजेस स्थायिक झालेल्या या गवयानें दक्षिणेंत गाइलें आणि दक्षिणेचें ऐकलेंहि. सरगम गाण्याची त्यांची आवड, खरहरप्रिया रागाचा त्यांना लागलेला लळा, आणि त्यागराजांच्या एका कृतीची त्यांनीं दिलेली तबकडी, या साऱ्या गोष्टी त्या ऐकण्याच्या खुणा आहेत. १९३७ च्या ऑक्टोबरांत मद्रासहून पांडेचरीकडे जात असतां सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर त्यांनीं देह ठेवला. एकानें पंडितास विचारलें, दुसऱ्यानें गवयास. एकानें कोष्टक आणलें, दुसऱ्यानें गळ्यावर एक नवी छटा आणली. दोघांचाहि लाभ आपणांस झाला. परंतु आजच्या सामान्य श्रोत्यानें कित्ता गिरवावयाचा तर तो दुसऱ्याचा, असें आमचें मत आहे. कोष्टक घरीं बसून वाचतां येतें. छटेसाठीं मात्र गांवींच जावें लागतें.

आमचा श्रोता मद्रासेस जातो तेव्हां बहुधा हें कोष्टकच खिशांत घेऊन जातो. कल्याणी म्हणजे यमन, मोहनम् म्हणजे भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, शंकराभरणम् म्हणजे बिलावल, अशीं समीकरणें जुळवीत तो बसतो. दक्षिणेची तोडी लागली कीं त्याची भंबेरी उडते; कारण तिचे स्वर आमच्या भैरवीचे, आणि आमच्या तोडीचे स्वर तिकडे शुभपंतुवराळीच्या घरीं. सुरांच्या नांवांवरून राग ओळखणें म्हणजे आडनांवावरून मनुष्य ओळखणें होय. तोडीचा गंधार तेथें एका जागीं उभा राहातच नाहीं. तो झोक्यावरच राहतो, आणि त्या झोक्यांतच रागाचा जीव असतो. हें न ओळखणारा श्रोता बाहेर आल्यावर ‘आवाज हलवतात फार’ असें म्हणून मोकळा होतो. त्याच्या या अभिप्रायास तो टीका समजतो. वास्तविक ती त्याच्या तयारीची कबुली असते.

दुसरी अडचण मांडणीची. विलंबित ख्यालांत तासभर एका रागाची बढत ऐकण्याची आपणांस संवय. कचेरींत आरंभीं वर्णम्, मग लहानमोठ्या कृती, मध्यें एका रागाची सविस्तर आलापना व तिच्यामागून मुख्य कृति, तींत निरवल आणि कल्पनास्वर, त्यानंतर मृदंग, घटम्, खंजिरी यांचें स्वतंत्र वादन, शेवटीं हलकीं पदें आणि मंगलम्, असा क्रम असतो. कधीं कधीं रागम्-तानम्-पल्लवीहि येते. आज आपण ज्यास अनादि समजतों त्या या क्रमास आजचें स्वरूप देण्याचें श्रेय अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांना दिलें जातें. श्रोत्यांची बैठक आटोपशीर झाली, तिकीट आणि घड्याळ आलें, तेव्हां त्या काळास शोभेल असें ताट त्यांनीं वाढलें. त्यांत प्रत्येक पदार्थ बेतानें आहे. म्हणून पोट भरत नाहीं असें आमच्या श्रोत्यास वाटतें. परंतु कृतीचें सौंदर्य बढतींत नाहीं, बांधणींत आहे. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री, तिघेहि तिरुवारूरचे आणि एकाच काळाचे. त्यांच्या कृतींत पल्लवी, अनुपल्लवी, चरण अशा पायऱ्यांनीं राग आधींच चढवून ठेवलेला असतो. गायकास तें घर नव्यानें बांधावयाचें नसतें. त्यांत दिवा घेऊन फिरावयाचें असतें.

या बाबतींत उत्तम गुरु व्यासपीठावर नसून शेजारच्या खुर्चीवर असतो. मद्रासचा जुना श्रोता मांडीवर ताल धरतो. आदितालाच्या आठ मात्रा तो एक टाळी व तीन बोटें, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हां टाळी आणि उलटा हात, अशा मोजतो. कित्येक कृती समेवर न उठतां समेनंतर दीड मात्रेनें उठतात. तेव्हां आमचा सम शोधणारा श्रोता चुकतो, आणि शेजाऱ्याचा हात पाहून सांवरतो. ज्याला हा हात वाचतां आला, त्याला अर्धी कचेरी समजली. पुस्तकानें जें महिन्यांत येत नाहीं तें अशा शेजारानें दोन दिवसांत येतें. याच शेजाऱ्यास शिफारस विचारावी. मात्र ‘येथें मोठे कोण?’ असें विचारूं नये. त्याचें उत्तर भिंतीवरच्या जाहिरातींतहि मिळतें. ‘उद्यां आपण स्वतः कोठें जाणार?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नास मनुष्य गांवाच्या अब्रूस साजेसें उत्तर देतो, दुसऱ्यास स्वतःच्या आवडीचें. बहुधा तो दुपारची एखादी कचेरी सांगेल. बारा-दोनच्या सुमारास, पुष्कळ ठिकाणीं तिकिटावांचून, नव्या दमाचे गायक-वादक गात-वाजवीत असतात. सभागृह अर्धें रिकामें, श्रोते बहुतेक वयस्क, पण बसलेले सारे जाणते. ज्याचें नांव पुढें गाजावयाचें तो येथें प्रथम ऐकावयास मिळतो. आणि ज्याचें गाणें चांगलें असूनहि नांव कधींच गाजावयाचें नाहीं, तो तर येथेंच मिळतो.

येथपर्यंतची शिफारस सुखाची झाली. परंतु टीकाकाराचें काम याहून कठीण आहे. शहर जी यादी परगांवच्या मनुष्याच्या हातीं देतें, ती तयार कशी झाली, हेंहि त्यानें पाहिलें पाहिजे. मद्रासच्या यादीस तिचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो सर्वस्वीं अभिमानास्पद नाहीं. वीणा धनम्मळ (१८६७–१९३८) हिच्या जॉर्जटाउनमधील घरीं शुक्रवारीं सायंकाळीं शहरांतील रसिक वीणा ऐकावयास जमत. तिच्या नातींपैकीं वृंदा आणि मुक्ता यांनीं पदांची परंपरा राखली, आणि बालसरस्वतीनें नृत्यांत अभिनयाचा मानदंड घालून दिला. हें घराणें देवदासी-परंपरेंतलें. सभांचा काळ आला, सुशिक्षित घरांनीं संगीत आपलेंसें केलें, आणि ज्या समाजानें ही विद्या जपली होती तोच हळूहळू व्यासपीठावरून मागें सरला. त्यागराजांच्या समाधीवर तिरुवैयारु येथें स्वतःच्या द्रव्यानें मंदिर उभारणारी बंगळूर नागरत्नम्मा याच समाजांतली. आणि आराधनेच्या उत्सवांत गाण्याचा हक्क मात्र तिला आणि तिच्या भगिनींना झगडून मिळवावा लागला. म्यूझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधि’ हा मान १९६८ साली एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी यांना मिळाला. तोंपर्यंत तो एकाहि स्त्रीस मिळाला नव्हता.

नागस्वराची गोष्ट अशीच आहे. देवळाच्या प्रांगणांत रात्रभर राग आळविण्याची रीत या वाद्यानें घालून दिली, टी. एन्. राजरत्नम् पिळ्ळै यांची तोडी ही अजून दंतकथेचा विषय आहे. आलापनेचा विस्तार गवयांनीं नागस्वरावरून घेतला, असें जाणते सांगतात. असें असतां सभांच्या उत्सवांत हें वाद्य बहुधा मंगलारंभास येतें आणि मग मुख्य वेळा गळ्याच्या व व्हायोलिनच्या हवालीं करून बाजूस होतें. भाषेचाहि तंटा झालाच. कचेरींत तेलुगु व संस्कृत कृतींचा बडिवार आणि तामिळ गीतांस शेवटची जागा, या तक्रारींतून १९४३ साली तामिळ इसै संगम् स्थापन झाला. अगदीं अलीकडे, २०१५ पासून, ऊरूर-ओल्काट या कोळीवाड्यांत समुद्राकांठीं उत्सव भरवून, कचेरीचें गाणें आणि कोळीवाड्यांतील कला एका मांडवाखालीं आणण्याचा प्रयत्न झाला. त्यांत पुढाकार घेणाऱ्या टी. एम्. कृष्ण यांची २०२४ साली संगीत कलानिधि म्हणून निवड झाली, तेव्हां कांहीं कलावंतांनीं त्या वर्षीच्या संमेलनांतून अंग काढून घेतलें. हा वाद कोणी कसाहि सोडवो. ज्या शहरांत गाण्यावरून इतकें भांडण होऊं शकतें, त्या शहरांत गाणें अजून जिवंत आहे, एवढें तरी कबूल केलें पाहिजे.

या इतिहासाचा परगांवच्या श्रोत्याशीं काय संबंध, असा आक्षेप येईल. ‘आम्हांस चार दिवसांची रजा, त्यांत नामांकित मंडळी ऐकून घ्यावी कीं समाजसुधारणा करीत बसावें?’ आक्षेप वाजवी आहे. नामांकितांस टाळण्यांतच रसिकता आहे, असें आम्हीहि म्हणत नाहीं. नांव फुकट मिळत नसतें. परंतु चार दिवसांच्या पाहुण्यांची संख्या वाढली, म्हणजे सभाचालक पाहुण्यांचीच आवड पाहूं लागतात. परगांवचा श्रोता पांचसहा नांवांपलीकडे विचारीत नाहीं. म्हणून तीं पांचसहा नांवें प्रत्येक सभेस हवीं होतात. म्हणून तेच गायक एका महिन्यांत थकेपर्यंत गातात, आणि दुपारचें सभागृह रिकामें राहतें. पाहुण्याच्या एका प्रश्नानें हें चक्र फिरतें. तेव्हां आपण काय विचारतों, याची जबाबदारी आपणांवरहि आहे. आणखी एक दोष डोळ्यांस खुपल्यावांचून राहात नाहीं. मृदंगाचें स्वतंत्र वादन सुरू झालें कीं कित्येक श्रोते उठून उपाहारगृहाकडे वळतात. तेथील इडली-पोंगल आणि वाफाळती कॉफी यांची कीर्ति खोटी नाहीं. पण दीड तास गायकास तोलून धरणाऱ्या वादकाच्या वाट्यास आलेलीं दहा-पंधरा मिनिटें भुकेसाठीं काढून घेणें हें रसिकतेच्या कोणत्याच व्याख्येंत बसत नाहीं. पाहुण्यानें गांवची प्रत्येक रीत उचलावयाची नसते; ही तर मुळींच नव्हे.

आतां आपल्या घरची एक गोष्ट. कचेरीच्या अखेरीस अलीकडे मराठी अभंग गाण्याची प्रथा चांगलीच रूढ झाली आहे. अरुणा साईराम यांच्या गायनानें तिला विशेष लोकप्रियता आली. अभंग सुरू झाला कीं आमचा श्रोता खुर्चींत पुढें सरकतो, टाळ्या देतो, आणि ‘सगळ्यांत अभंग बहारीचा झाला’ असें घरीं पत्रांत कळवितो. यांत आनंद आहे; परंतु पारख नाहीं. तामिळ गीतांस जी शेपटाची जागा मिळते म्हणून तामिळ रसिकांनीं चळवळ केली, तीच जागा आपल्या तुकोबा-नामदेवांस मिळाली म्हणून आपण संतुष्ट व्हावें, हें चमत्कारिक आहे. मराठीचा या संगीताशीं असलेला संबंध याहून पुष्कळ खोल आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरास मराठ्यांचें राज्य होतें. शहाजीराजांनीं स्वतः तेलुगुंत गेय नाटकें रचलीं. दुसऱ्या सरफोजींच्या दरबारीं पाश्चात्य वाद्यें वाजत आणि नृत्याची आजची घडी बसविणारे तंजावरचे चौघे बंधु त्यांच्याच आश्रयास होते. मोरगांवकर रामचंद्रबोवांसारख्या कीर्तनकारांनीं मराठी कीर्तन तंजावरीं नेलें. तें ऐकून तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनीं दक्षिणेच्या हरिकथेस नवें रूप दिलें. आमची साकी, दिंडी, ओंवी आणि अभंग त्या हरिकथेंत तामिळ शब्द लेवून वावरतात. पुढें सी. सरस्वतीबाई यांनीं स्त्रियांस हें व्यासपीठ खुलें करून दिलें. तेव्हां मराठी माणसानें मद्रासेंत आपलें माणूस शोधावयाचें तर तें अभंगाच्या टाळींत नव्हे, हरिकथेच्या बैठकींत शोधावें. मोठ्या जाहिरातींत तिला जागा थोडी असते. विचारल्यावांचून तिचा पत्ता लागत नाहीं. पण चिपळ्यांच्या तालावर अनोळखी भाषेंतून ओळखीची दिंडी कानीं पडली, म्हणजे एका जुन्या स्थलांतराचा पुरावाच कानांस लाभतो.

सारांश, चार दिवसांच्या यात्रेकरूस आमचें सांगणें थोडकें आहे. एक सायंकाळ नामांकितांस द्यावी. दोन दुपारी अनोळखी नांवांस द्याव्या. एक सकाळ सप्रयोग व्याख्यानास, एक पहाट मैलापूरच्या भजनास. नागस्वर जेथें असेल तेथें वेळेआधीं जावें. मृदंगास बसून राहावें. राग ओळखण्याची घाई करूं नये, आणि घरच्या रागाशीं त्याचें लग्न तर लावूंच नये.

परत आल्यावर शेजारीं-पाजारीं विचारतील, ‘मद्रासेंत कोणाला ऐकावें?’ त्या वेळीं पाहुणा स्वतःच शिफारस करणारा होतो, आणि यादी पुढें चालविण्याचें किंवा तींत एक नवें नांव घालण्याचें काम त्याच्या जिभेवर येतें. ज्याचें गाणें दुपारच्या रिकाम्या सभागृहांत आपणांस आवडलें, त्याचें नांव तेथें उच्चारावयास धैर्य लागतें. कारण ऐकणारा म्हणतो, ‘हें नांव कधीं ऐकलें नाहीं बुवा!’ तेवढें धैर्य ज्यानें दाखविलें, त्याची यात्रा सफळ झाली असें आम्ही समजूं.